पांढऱ्या लोकरीची गाठ

डबा परत आला तेव्हा मी केतकी बापटच्या टेबलासमोर उभा होतो. ती बसा म्हणाली होती, पण मला त्या खोलीत बसवत नसे. आठ महिने ती बसली होती त्याच खुर्चीत मी बसलो होतो. आता समोरच्या खुर्चीत बसायचं म्हणजे स्वतःच्या घरात पंगतीला पाहुणा म्हणून बसायचं.

ड्रायव्हरने डबा टेबलावर ठेवला. "इथल्या सरकारच्या राजशिष्टाचार विभागातून आणलाय, मॅडम. बेरेनसाहेबांनी परत दिला."

आमच्या दूतावासाचाच दिवाळीचा डबा. लाल कागद, सोनेरी रिबीन, रिबिनीत खोचलेलं कार्ड. रिबीन सोडलेलीसुद्धा नव्हती. फक्त तिच्यावरून पांढऱ्या लोकरीचा एक धागा फिरवून गाठ मारलेली होती.

केतकीने डबा उचलून हलवून पाहिला. आत लाडू गडगडले. माझ्या बायकोने केलेले बेसनाचे लाडू.

"उघडलाच नाही की," ती म्हणाली. "असं का केलं असेल, सर?"

मी त्या गाठीकडे बघत होतो. त्या गाठीचा अर्थ त्या इमारतीत फक्त मला माहीत होता. मी म्हणालो, "शुगर असेल त्यांना. वय झालंय."

"अच्छा. मग पुढच्या वर्षी त्यांना चकली पाठवू." तिने हसून डबा बाजूला सरकवला आणि कार्यक्रमाचा कागद पुढे ओढला. मंगळवार होता. गुरुवारी सकाळी दिल्लीहून तीन खासदार येणार होते.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. डोंगराळ, थंड, लहानसा देश, एवढं पुरे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी काही गोष्टी हात धरतात.

मी दिगंबर जवळेकर. बाविसाव्या वर्षी परळीहून दिल्लीला गेलो ते परराष्ट्र खात्यात असिस्टंट म्हणून. आमच्या खात्यात माणसं दोन तऱ्हेची. एक ती मोठी परीक्षा देऊन थेट अधिकारी म्हणून उतरलेली, आणि दुसरी आमच्यासारखी, खालून घासत घासत वर आलेली. पहिली तिशीत जिथं बसतात तिथं आम्ही पन्नाशीला पोचतो, तेही वरचा कुणी आजारी पडला तर. प्रथम सचिवाची जागा तिथे आठ महिने रिकामी होती, ती मी सांभाळली. मला वाटलं, आता देतील. मनातल्या मनात मांडे खात होतो. आणि एक दिवस एकतीस वर्षांची ही पोरगी दोन सुटकेसी घेऊन आली आणि त्या खुर्चीत बसली.

वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती हुशार होती, मेहनती होती आणि वर नम्र. मला सर म्हणायची. हुद्द्याने माझ्या वर, आणि सर. माझ्या बायकोला काकू म्हणायची. दिवाळीत आमच्याकडे येऊन लाडू वळायला बसली, आणि कुमुद तेव्हापासून तिचीच झाली. "केतकीला विचारा, केतकीला कळतं." माझीच बायको मला फितूर. राजदूत बरुआसाहेब तर मसुदा माझ्याकडून घ्यायचे आणि विचारायचे, "मिस बापटनी पाहिला का?" तिचं जीनिव्हाचं पोस्टिंगही ठरलं होतं. खासदारांचा दौरा नीट पार पडला की मार्चमध्ये जायची. जीनिव्हा म्हणजे आमच्या खात्यातलं माहेर. मी चौतीस वर्षांत तिथलं विमानतळही पाहिलं नव्हतं.

आणि त्या वर्षी डब्यांवर कार्डं छापली होती: केतकी बापट, प्रथम सचिव. कुमुदने तीन दिवस बेसन भाजलं, डोळे लाल करून घेतले, आणि लाडू गावभर गेले ते हिच्या नावाने. केतकी बिचारी म्हणाली होती, "कार्डावर काकूंचं नाव घालूया का?" मीच म्हणालो, नियमात बसत नाही. आणि कार्डावर हिचं एकटीचं नाव म्हणून मीच रात्रंदिवस जळत होतो. असला माझा कारभार.

आता त्या गाठीचं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, केतकीच्या आधी, आमचं एक व्यापारी शिष्टमंडळ तिकडे येणार होतं. आदल्या आठवड्यात आम्ही पाठवलेली चहाची पेटी अशीच परत आली, वर पांढरी लोकर. मला काही कळेना. मी सरळ बेरेनसाहेबांकडे गेलो. ते राजशिष्टाचार विभागातले जुने अधिकारी. दर शुक्रवारी त्यांच्या खोलीत आम्ही दोघं चहा घ्यायचो. म्हातारा हसला.

"जवळेकर, आमच्या डोंगरात दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं हे पाप. पण कधी कधी नाही म्हणावंच लागतं. मग पाहुणा वाटेत असतानाच त्याची भेट गाठ मारून परत पाठवायची. शहाणा माणूस आपणहून मागे वळतो. त्याचीही राहते, आमचीही राहते."

"आणि नाही वळला तर?"

"मग दार लावावं लागतं. ते फार वाईट."

मी तेव्हाच्या राजदूतांच्या कानावर घातलं, शिष्टमंडळातल्या एकाची तब्येत बिघडल्याचं कारण काढलं आणि दौरा पुढे ढकलला. कुणाला काही कळलं नाही. मी ते फाईलवर लिहिलं नाही. अशा गोष्टी फाईलवर लिहीत नसतात असं मी म्हणायचो, पण खरी गोष्ट वेगळी. असली माहिती हीच माझ्यासारख्याची पुंजी. ती लिहून ठेवली तर उद्या येणारा कुणीही वाचणार, मग जवळेकर हवाच कशाला?

म्हणजे मंगळवारी मला स्वच्छ माहीत होतं. खासदारांना ते आत घेणार नव्हते. दौऱ्याचं कारणच नाजूक होतं. तिथल्या एका बोगद्याच्या कामावर आपली अकरा पोरं होती. बोगद्याचं छत कोसळून त्यांचा एक सोबती गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आत जायला नकार दिला. कामबंदी बेकायदा म्हणून चार महिने तुरुंगात. आम्हाला भेटू देत नव्हते. खासदार त्यांना भेटायला येत होते. सरकारने दौऱ्याचं पत्र मिळाल्याची पोच दिली होती, हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं ते त्या डब्यातून.

मी एक वाक्य बोललो असतो तर दौरा पुढे ढकलला गेला असता.

बुधवारी दुपारी बेरेनसाहेबांचा फोन आला. थेट माझ्या टेबलावर.

"डबा पोचला ना?"

"पोचला."

"मग बरं," ते म्हणाले. "तुम्ही तिथे आहात म्हणून मला काळजी नव्हती." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी केतकी माझ्या टेबलाशी आली. ती कधी मला बोलावून घ्यायची नाही, स्वतः यायची. त्याचाही मला राग यायचा. दमली होती. हातात तीन खोल्यांचं आरक्षण, गाड्यांचे नंबर, सगळं.

"सर, तुमचा इथला अनुभव मोठा. एकदा नजर टाका ना. काही राहिलंय का?"

मी कागद घेतला, चष्मा लावला, सावकाश वाचला. तिचं अक्षरही सुरेख.

"चोख आहे, मॅडम."

"खरंच?"

"खरंच. काही राहिलेलं नाही."

घरी जाताना वाटेत मला वाटत होतं, उद्या तर उद्या, विमान निघायच्या आधी सांगू. मग वाटलं, मी का सांगू? जीनिव्हाला ती जाणार, धावपळ मी करायची? कुमुदने जेवताना विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, पोट दुखतंय.

गुरुवारी सकाळी साडेदहाला विमान उतरलं. बरुआसाहेब, केतकी आणि मी हार घेऊन उभे. सगळे प्रवासी बाहेर आले, आमचे तिघं नाहीत. पावणेअकरा, अकरा. मग एक गणवेशातला अधिकारी आला आणि वर न बघता म्हणाला, "तुमच्या पाहुण्यांना प्रवेश देता येत नाही. राष्ट्रहिताच्या कारणास्तव. दुपारी तीनच्या परतीच्या विमानाने त्यांना पाठवण्यात येईल."

"ते भारताच्या संसदेचे सदस्य आहेत," बरुआसाहेब म्हणाले.

"मला माहीत आहे."

केतकीचा चेहरा कागदासारखा झाला. मी तिच्याकडेच बघत होतो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आता कळेल, पुस्तकं वाचून दूतावास चालत नाही.

आमच्या पासांवर आम्हाला आत जाऊ दिलं. काचेच्या एका खोलीत तिघं बसले होते. दोघे दुसऱ्या राज्यांतले पुरुष. ते फोनवर दिल्लीच्या वाहिन्यांना मुलाखती देत होते, आवाज चढवून, मध्येच घड्याळ बघत. तिसऱ्या अनसूयाबाई कराळे, आमच्या मराठवाड्यातल्या. साठी उलटलेली, इरकल लुगडं, वर पुरुषी स्वेटर, पायांत मोजे आणि चपला. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली.

केतकी सरळ त्यांच्यासमोर खाली बसली. नुसत्या फरशीवर, त्या भारी साडीसकट. "ताई, मी केतकी बापट. हा दौरा माझ्याकडे होता. चूक माझी आहे."

"अगं, उठ पोरी, गारठा लागंल," बाई म्हणाल्या. "चूक कुणाची ते मागून बघू. ती अकरा लेकरं दिसतील का मला? दुरून?"

"आत्ता तरी नाही, ताई."

केतकी दार गाठून कुणाकुणाला फोन लावायला लागली. बाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"भाऊ, तुम्ही कुणीकडचे?"

"परळीचा, ताई."

"मग आपलेच की. हितं किती वरसं झाली?"

"चार."

"चार वरसांत शेजारच्या कुत्र्याचा सोभाव कळतो माणसाला. कधी चावंल, कधी नुसतं भुंकंल. तुम्हाला ह्यांचा काहीच सुगावा लागला नाही होय?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होत्या. मी म्हणालो, "नाही लागला, ताई."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "ह्यात चिठ्ठ्या हायेत. अकरांच्याबी घरच्यांच्या. काही आयांना लिहिता येत न्हाई, त्यांच्या मी लिहिल्यात. आणि शेंगदाण्याची चटणी. मी त्या बायांना शब्द देऊन आले हो, की हातानं देईन. आता तुम्ही आपल्याकडचे, म्हणून तुमच्याच हाती देते. पोचवा. कसंबी पोचवा."

तीन वाजता त्यांना परत विमानात बसवलं. जिन्यावर बाई एकदा वळल्या आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. पिशवी जड नव्हती, पण माझा खांदा दुखायला लागला.

दिल्लीत गोंधळ उडाला. त्या देशाच्या प्रतिनिधीला मंत्रालयात बोलावून निषेध सांगितला. त्यांच्या संसदेचे सभापती जानेवारीत येणार होते, त्यांना येऊ देऊ नये अशी मागणी झाली. राजदूताला माघारी बोलवा, कुणी म्हणालं. आम्हाला आदेश आला: कडक निषेधपत्र द्या, आणि कळवा की दूतावासाला पूर्वकल्पना कशी नव्हती.

निषेधपत्र बरुआसाहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं. आमच्या धंद्यात भांडणाचं पत्रही "सादर अभिवादन" करूनच सुरू होतं, आणि खरा राग दाखवायचा तर शेवटचा "अत्युच्च आदराचा" परिच्छेद गाळायचा. मी तो गाळला. मधला मजकूर असा घासला की वाचणाऱ्याच्या कानातून धूर निघावा. चौतीस वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम. शुक्रवारी सकाळी बरुआसाहेबांनी तो मसुदा केतकीपुढे सरकवला. सरकवणारच.

तिने दोनदा वाचला. "फार सुंदर लिहिलंय, सर," ती मला म्हणाली. मग बरुआसाहेबांकडे वळून म्हणाली, "पण हे दिल्यावर ते दुसरं दार लावतील, आपण तिसरं लावू. मुलं आतच राहतील. साहेब, हे पत्र आज खिशात ठेवूया. मी आधी बेरेनसाहेबांकडे जाते. त्यांना म्हणते, तुम्ही माफी मागा असं आम्ही म्हणत नाही, सभापतींचा दौराही तोडत नाही. फक्त सोमवारी तुरुंगाचं दार उघडा. नाही उघडलं तर हे पत्र आहेच."

"दिल्लीला आवाज हवाय," बरुआसाहेब म्हणाले. "मऊ वागलीस म्हणून तुझ्यावर येईल."

"आवाज दिल्ली करतेच आहे, साहेब. त्यात आपली भर नको."

साहेब म्हणाले, जा.

ती दोन तासांनी परत आली. बेरेनसाहेबांनी कबूल केलं होतं: सोमवारी एक माणूस, अर्धा तास, अकराही जणांना भेटेल. मी मनात म्हटलं, नशीबवान आहे. बुडवायला गेलं तरी तरंगते.

मग बरुआसाहेबांनी दिल्लीचा दुसरा प्रश्न काढला. "पूर्वकल्पना. मिस बापट, काही चिन्ह होतं का? काहीही?"

"होतं," ती म्हणाली. "मंगळवारी आपला दिवाळीचा डबा परत आला होता, वर लोकरीची गाठ मारून. बेरेनसाहेबांनी आत्ता सांगितलं, ती इथली रीत आहे. पाहुण्याला वाटेतूनच वळवायची. तो डबा माझ्या टेबलावर होता, साहेब. मला ओळखता आला नाही. मला वाटलं, शुगर असेल."

मला वाटलं, असं म्हणाली ती. जवळेकर म्हणाले, असं नाही म्हणाली. आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याच्या बोलण्याची पाळी असली की आपण बघतो, तसं.

बरुआसाहेबही माझ्याकडे वळले. "जवळेकर, तुम्ही चार वर्षं इथे आहात. तुम्हाला ही रीत माहीत होती?"

आत्ता सांगितलं तर काय होईल? निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. खात्यातून तोंड काळं करून परळीला जायचं? आणि हिच्यासमोर? मुख्य म्हणजे हिच्यासमोर.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "मलाही नवीनच आहे."

केतकीने नजर खाली घेतली. समोरचा कागद ओढला आणि उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलं: चिन्ह मिळालं होतं, ते ओळखण्यात प्रथम सचिव कमी पडल्या. खाली सही केली. मी तिच्या शेजारी बसलो होतो. पेनचा आवाज ऐकू येत होता.

सोमवारी तुरुंगात मलाच पाठवलं. केतकीनेच सुचवलं, "चिठ्ठ्या ताईंनी सरांच्या हातात दिल्यात." एका लांब टेबलापलीकडे अकरा पोरं बसली होती, डोकी भादरलेली. मी नावं पुकारून चिठ्ठ्या दिल्या. त्यातला एक, सेलूकडचा, पंचविशीचा, चिठ्ठी वाचायच्या आधी वास घेत राहिला. चटणी सांडून कागदाला तेल लागलं होतं. मग म्हणाला, "साहेब, कराळेताई येणार होत्या म्हणे. का नाही आल्या?"

"आल्या होत्या," मी म्हणालो. "दारातून परत गेल्या."

"आता कवा येतील?"

मी पुढची चिठ्ठी पुकारली.

पोरं सात आठवड्यांनी सुटली. बेरेनसाहेब आणि केतकी यांनी मिळून तो धागा ओढत नेला. पण तोपर्यंत दिल्लीला कुणीतरी हवं होतं, आणि कुणाची तरी सही त्यांच्याकडे होती. संसदेत विचारणा झाली, उत्तरात "संबंधित अधिकाऱ्याची बदली करण्यात आली आहे" असं आलं. जीनिव्हा गेलं. तिला दिल्लीत जुन्या कागदपत्रांच्या विभागात टाकलं. आणि प्रथम सचिवाचा कार्यभार, पुढील आदेश येईपर्यंत, दिगंबर जवळेकर यांच्याकडे.

खुर्ची मिळाली एकदाची. आणि काय सांगू, मत्सर गेला नाही. उलट वाढला. आधी तिच्या हुशारीवर जळायचो, आता तिच्या गप्प बसण्यावर जळायला लागलो. तिला माहीत होतं की नव्हतं? बेरेनसाहेबांनी मला रीत समजावून दिल्याला तीन वर्षं झाली होती, ते तिला बोलले असतील का? बोलले असतील तर ती माझं नाव का घेत नाही? आणि नसतील तर ती माझ्याकडे तसं का बघत होती? मी त्यानंतर शुक्रवारचा चहा बंद केला. बेरेनसाहेबांनी कधी का म्हणून विचारलं नाही.

ती निघाली त्या दिवशी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. कुमुदने लाडूंचा डबा भरून नेला होता आणि वाटभर रडत होती. केतकी तिच्या पाया पडली, डबा छातीशी धरला.

"काल बेरेनसाहेबांचा निरोप घेऊन आले, काकू," ती म्हणाली. "खूप बोललो आम्ही. गोड माणूस आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खोलीतला हीटर तिसऱ्या बटणावरच नीट चालतो, सर. पण तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला तर इथलं सगळं माहीतच असतं."

हसून म्हणाली. मी पण हसलो. गाडी गेली.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. मी पुण्यात राहतो, सकाळी फिरायला जातो, जावई चांगला मिळालाय. गेल्या दिवाळीच्या आधी पेपरात वाचलं, केतकी बापट राजदूत म्हणून नेमली गेली. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं. फोटोत केस पिकलेले, हसू तेच. कुमुदने तो पेपर घडी करून देवघरात ठेवला. मी दोन रात्री झोपलो नाही.

मग ठरवलं. एकदा जाऊन समोर बसायचं आणि सांगायचं. माफी मिळो न मिळो. ती परदेशी निघायच्या आत. मी तिला पत्र लिहिलं: "आपलं अभिनंदन. पेन्शनच्या एका कामासाठी पंचवीस तारखेला दिल्लीला येतो आहे. आपल्याला भेटायची इच्छा आहे. थोडं बोलायचं आहे." पेन्शनचं काम वगैरे काही नव्हतं. कुमुदला म्हटलं, लाडू कर. तिने बेसन भाजलं, डब्याला लाल कागद लावला, वरून सुतळी बांधली. पत्र आत ठेवून मी स्वतः कुरिअरला देऊन आलो. या खेपेला कार्डावर मीच लिहिलं होतं: कुमुद जवळेकर यांजकडून.

मला वाटत होतं तिचा फोन येईल. पाच दिवस मी फोन जवळ घेऊन बसलो. सहाव्या दिवशी दुपारी बेल वाजली आणि कुरिअरवाला डबा देऊन गेला. पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं, तिच्याच सुरेख अक्षरात.

कुमुदने सुतळी न सोडता बाजूला सरकवून तो उघडून पाहिला.

"पत्र तेवढं काढून घेतलंय. डबा उघडून पुन्हा तस्साच बांधलाय बघा. लाडू मोजून तेवढेच आहेत, एकही नाही खाल्ला." तिला ते लागलं होतं. "आणि हा वर धागा कसला? मी तर सुतळी बांधली होती."

सुतळीवरून पांढऱ्या लोकरीचा एक धागा फिरवलेला होता. नीट, बेताची गाठ मारून.

मी खुर्चीत बसलो.

कुमुद डबा मांडीवर घेऊन बसली. माणसाच्या मनात वाईट नसलं की तो कारणं पण चांगली शोधतो. तिचा चेहरा हळूहळू निवळला.

"शुगर असेल हो तिला," ती म्हणाली. "हल्ली लवकरच होते."

"असेल," मी म्हणालो, आणि दिल्लीचं तिकीट रद्द करायला फोन उचलला.